वादळाची रेघ आणि वादळाचा जोर

मे २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात ‘शक्ती’ चक्रीवादळ महाराष्ट्रातल्या मोबाइलांवर येऊन थडकले. अरबी समुद्रात ते तेव्हा नव्हतेच. किनाऱ्यासमोर कमी दाबाचे क्षेत्र तयार होईल आणि त्याची तीव्रता वाढेल, एवढेच हवामान विभागाने सांगितले होते. पण चक्रीवादळांच्या नावांच्या यादीत तेव्हा पुढचे नाव श्रीलंकेने सुचवलेले ‘शक्ती’ होते, आणि ही यादी हवामानाचा नाद असलेल्यांना पाठ असते. हवामानाच्या एखाद्या संगणकीय मॉडेलच्या लांबच्या तारखेच्या नकाशावर दाटीवाटीच्या गोल रेषा दिसल्या की पुरे. नाव टाकले जाते आणि वाहिन्या ते उचलतात. प्रत्यक्षात २४ मे रोजी दुपारच्या सुमारास रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून आत आला तो अवदाब, म्हणजे चक्रीवादळाच्या दोन पायऱ्या खालची अवस्था. पाऊस मात्र झोडपून झाला आणि दोनच दिवसांनी, २६ मेला, मान्सून मुंबईत दाखल झाला.

‘शक्ती’ हे नाव रीतसर वापरले गेले त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत इशारे गेले, मच्छीमारांना परत बोलावण्यात आले. वादळ पश्चिमेकडे निघाले, भर समुद्रात वळले आणि तिथेच विरले. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेल्याशिवाय नाव द्यायचे नाही, हा नियम साधा आहे. तो धाब्यावर बसवला गेल्यामुळे एकाच नावाच्या वादळाची धास्ती लोकांनी एका वर्षात दोनदा घेतली.

वादळाचा माग काढणाऱ्या हौशी मंडळींविषयी लिहायचे तर हे उदाहरण टाळता येत नाही. पण तेवढ्यावरून त्यांना झोडपून मोकळे होणेही बरोबर नाही. त्यांच्यातले जाणते लोक खरोखर जाणते असतात. प्रश्न आहे तो त्यांना, आणि हवामान विभागालाही, नेमके काय कळू शकते आणि काय नाही, याचा.

नाद जुना आहे. एकोणिसाव्या शतकात कोलकात्यात हेन्री पिडिंग्टन जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून बंगालच्या उपसागरातल्या वादळांचे मार्ग कागदावर मांडत बसे. १८४८ साली त्याने खलाशांसाठी वादळांवर पुस्तक लिहिले. ‘सायक्लोन’ हा शब्द त्याचाच. मातला नदीवर नवे बंदर बांधण्याचे घाटत होते तेव्हा, १८५३ मध्ये, त्याने लॉर्ड डलहौसीला पत्र लिहून तिथे समुद्र आत घुसेल असा इशारा दिला. बंदर बांधले गेले, त्याला कॅनिंगचे नाव मिळाले आणि १८६७ च्या वादळाने ते मोडून टाकले. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ ची. म्हणजे आपल्याकडे खात्याच्या आधी हौस आली.

आजच्या हौशीच्या हातात पिडिंग्टनच्या स्वप्नातही आली नसती एवढी सामग्री आहे. अमेरिकेचे जीएफएस मॉडेल दिवसातून चार वेळा चालते आणि त्याचे निकाल पूर्वीपासून फुकट आहेत. युरोपीय हवामान केंद्राचे मॉडेल अधिक भरवशाचे मानले जाते. त्याची माहितीही २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुली झाली. कॅमरन बेकारिओने २०१३ मध्ये वाऱ्यांच्या वाहत्या रेषांचा पृथ्वीगोल नेटवर टाकला. पाठोपाठ झेक उद्योजक इव्हो लुकाचोविचने ‘विंडी’ काढले आणि वारा बघणे हा घरोघरचा उद्योग झाला. वादळाच्या दिवसांत या मंडळींचे वेळापत्रक ठरलेले असते. सकाळी नऊ-साडेनऊनंतर जीएफएसची पहाटेची धाव उलगडू लागते. बाराच्या सुमारास युरोपियन येते. संध्याकाळच्या धावांसाठी मध्यरात्रीपर्यंत जागरण. दर अर्ध्या तासाने इन्सॅटचे चित्र. वादळ किनाऱ्याजवळ आले की रडार. ‘सिस्टिम’ कुठे आहे, ‘शिअर’ किती आहे, ‘युरोपियन काय म्हणतोय’ अशी त्यांची भाषा. यात अभियंते असतात, कॉलेजची मुले असतात, बागायतदार असतात. चेन्नईचे प्रदीप जॉन तर २०१५ च्या पुरानंतर ‘तमिळनाडू वेदरमॅन’ म्हणून घरोघरी पोचले. आपल्याकडे मराठवाड्यातल्या पंजाबराव डखांचे अंदाज गावोगाव फिरतात. त्यांच्या पद्धतीवर हवामानशास्त्रज्ञांनी आक्षेपही घेतले आहेत. सगळ्यांना एका मापाने मोजता येत नाही.

वादळाबाबत प्रश्न दोन असतात: ते जाणार कुठे, आणि पोचेल तेव्हा त्याच्यात जोर किती असेल. पहिल्या प्रश्नात गेल्या वीस वर्षांत मोठी प्रगती झाली, दुसऱ्यात त्या मानाने थोडी. पहिल्याच्या यशावर लोक दुसऱ्याचे भाकीतही डोळे झाकून विकत घेतात, ही खरी अडचण आहे.

मार्ग का कळतो? वादळ स्वतःच्या मर्जीने फारसे चालत नाही. त्याच्या भोवतालचे, वातावरणाच्या बऱ्याच उंचीपर्यंतचे वारे त्याला वाहून नेतात. एका बाजूला जास्त दाबाची भिंत असेल आणि वरून पश्चिमी वाऱ्यांचा एखादा द्रोण (कमी दाबाचा लांबट पट्टा) येत असेल, तर वळण कुठे होईल हे मॉडेल बऱ्यापैकी सांगते, कारण या रचना हजारो किलोमीटरच्या असतात आणि मॉडेलला त्या दिसतात. याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले. ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘सँडी’ वादळ अटलांटिकमध्ये निघून जाईल असे अमेरिकी मॉडेल म्हणत होते, तर युरोपियन मॉडेल आठवडाभर आधीपासून ते डावीकडे वळवून किनाऱ्यावर आणत होते. २९ ऑक्टोबरला सँडी न्यू जर्सीवर आदळले. युरोपियन मॉडेलचा हौशींमध्ये जो दरारा आहे तो तेव्हापासूनचा.

पण दोन्ही बाजूंचे दाब सारख्याच ताकदीचे आणि मधले वारे मंद असले, तर हीच मॉडेल्स गोंधळतात. जून २०२३ चे ‘बिपरजॉय’ आठवा. ६ जूनला ते चक्रीवादळ झाले आणि सुरुवातीचे कित्येक दिवस कुणी त्याला ओमानला नेत होते, कुणी पाकिस्तानला, कुणी गुजरातला. ते रेंगाळले, सरकले, पुन्हा रेंगाळले. किनाऱ्याचा पट्टा नक्की व्हायला ११-१२ जून उजाडले, आणि १५ जूनच्या संध्याकाळी ते कच्छमध्ये जखाऊ बंदराजवळ जमिनीवर आले. गुजरातेत एक लाखाच्या आसपास लोकांना हलवलेले होते. त्याआधी २०१९ च्या जूनमध्ये ‘वायू’ वेरावळ-दीवच्या रोखाने आले, सुमारे तीन लाख माणसे हलवली गेली आणि ऐन वेळी ते किनाऱ्याला समांतर होऊन पश्चिमेला निघून गेले. लोक म्हणाले, खाते चुकले. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावरून जाणाऱ्या वादळासाठी माणसे हलवली नसती आणि ते त्याच वाटेने पुढे आले असते, तर काय म्हणाले असते?

जाणत्या हौशीची खूण इथे दिसते. तो एक रेघ बघत नाही, झुबका बघतो. युरोपीय केंद्र सुरुवातीच्या स्थितीत बारीक फरक करून तेच गणित पन्नासेक वेळा चालवते. त्या पन्नास रेघा एकमेकींना चिकटून असतील तर विश्वास ठेवावा. पंख्यासारख्या फाकल्या असतील तर आज काही सांगता येत नाही, एवढेच त्यातून सांगता येते. नवखा माणूस त्याच झुबक्यातली मुंबईवर येणारी एक रेघ उचलतो, लाल करतो आणि पुढे पाठवतो.

हवामान विभागाच्या अंदाजात २४ तास आधी वादळाच्या केंद्राच्या जागेची सरासरी चूक अलीकडे ७५ ते ८० किलोमीटरच्या घरात असते, ७२ तास आधी दीडशेच्या आसपास. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ती जवळपास दुप्पट होती. ही कामगिरी चांगली आहे, आणि तरीही ७५ किलोमीटर म्हणजे किती हे कोकणच्या नकाशावर ठेवून बघावे. अलिबाग ते श्रीवर्धन हवाई अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास. कुलाब्यापासून श्रीवर्धन शंभराच्या आत.

३ जून २०२० च्या ‘निसर्ग’च्या वेळी नेमके हेच झाले. विभागाचा अंदाज हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात, अलिबागजवळ, असा होता. लोकांनी त्यातले ‘अलिबाग’ ऐकले आणि मुंबई ऐकली. सगळे लक्ष मुंबईकडे लागले. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्यांनिशी वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. अंदाज त्याच्या मर्यादेत बरोबर होता. पण आपल्या गोलार्धात वादळाचे वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, म्हणून ईशान्येकडे चाललेल्या वादळाच्या उजव्या, म्हणजे दक्षिणेकडच्या बाजूला वारा समुद्रावरून जमिनीवर घुसतो आणि वादळाची स्वतःची चालही त्यात मिळते. त्या बाजूला श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मंडणगड, दापोली होते. मुंबई डाव्या बाजूला राहिली आणि बचावली. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. त्या पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. पोफळी मुळापासून उपटली नाही तर मधून मोडते, आणि मोडलेल्या झाडाला पुन्हा शेंडा येत नाही. नव्याने लावलेले झाड उत्पन्नाला यायला वर्षे जातात. घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब पडले, मोबाइलचे मनोरे बंद. म्हणजे ज्यांचे सर्वांत जास्त नुकसान झाले त्यांचा आवाज त्या दिवशी बाहेरच आला नाही, आणि संध्याकाळी इतरत्र चर्चा सुरू झाली ती ‘वादळ फुसके निघाले’ अशी. नकाशावरची रेघ केंद्राची असते, वादळाची नव्हे. तिच्याभोवतीचा फुगत जाणारा शंकूही केंद्र कुठे असू शकेल एवढेच दाखवतो. वादळ केवढे मोठे आहे ते नाही. बिपरजॉय मुंबईपासून शेकडो किलोमीटर दूर असताना, १२ जून २०२३ ला, जुहूच्या खवळलेल्या समुद्रात चार मुले बुडून गेली. त्या दिवशीची कुठलीच रेघ मुंबईजवळ नव्हती.

आता दुसरा प्रश्न, जोराचा. अटलांटिकमध्ये वादळ किनाऱ्याकडे निघाले की अमेरिकेची विमाने थेट त्याच्या डोळ्यात शिरतात, यंत्रे खाली सोडतात, दाब आणि वारा मोजून आणतात. आपल्या समुद्रांवर अशी उड्डाणे होत नाहीत. एखादा तरंगता बोया, एखादे जहाज, समुद्राचा पृष्ठभाग खरवडून वारा मोजणाऱ्या उपग्रहाची दिवसातून एखादी-दुसरी फेरी, एवढे सोडले तर अरबी समुद्रातल्या वादळाची ताकद चित्र बघून ठरवली जाते. ती रीत व्हर्नन ड्वोरॅक या अमेरिकी तज्ज्ञाने १९७० च्या दशकात बसवली. ढगांचा पट्टा केंद्राभोवती किती गुंडाळला गेला आहे, डोळा दिसत असेल तर तो किती उबदार आणि भोवतीचे ढगांचे कडे किती थंड, यावरून ‘टी’ आकडा काढायचा. टी २.५ म्हणजे चक्रीवादळ, ३.५ म्हणजे तीव्र, ४ म्हणजे अतितीव्र. टी ४ ला वारा ६५ नॉट धरतात, साडेचारला ७७. म्हणजे साधारण १२० आणि १४३ किलोमीटर. एकच चित्र बघून दोन अनुभवी माणसे अर्ध्या टीचा फरक करू शकतात, आणि तो फरक वीस-बावीस किलोमीटर वेगाचा असतो. ‘वादळाचा वेग १२३ किमी’ असे एककापर्यंत नेमके आकडे छापणाऱ्याला हे माहीत नसते किंवा माहीत असून सांगायचे नसते.

भरीला मोजपट्ट्या वेगळ्या. आपला विभाग तीन मिनिटांच्या सरासरीने वारा सांगतो, पर्ल हार्बरचे अमेरिकी केंद्र एका मिनिटाच्या. तेच वादळ असले तरी अमेरिकी आकडा मोठा येतो. हौशी लोक मग दोन्ही आकडे शेजारी ठेवतात आणि आपले खाते दडवते आहे असा निष्कर्ष काढतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये ओडिशाच्या ‘फायलिन’वरून असाच वाद जगभर रंगला. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली होती, त्यामुळे धास्ती साहजिक होती. फायलिन महाचक्रीवादळ आहे, असे परदेशातून सांगितले जात होते. आपला विभाग ताशी २२० किलोमीटरच्या वर जायला तयार नव्हता. १२ ऑक्टोबरला गोपाळपूरजवळ वादळ आले तेव्हा विभागाचेच म्हणणे खरे ठरले. लाखो माणसे आधी हलवल्यामुळे मृतांची संख्या काही डझनांत राहिली. चक्रीवादळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख मृत्युंजय महापात्र पुढे २०१९ मध्ये खात्याचे महासंचालक झाले.

जोराचे भाकीत करणे आणखी कठीण, कारण तो वादळाच्या पोटात, काही किलोमीटरच्या गाभ्यात ठरतो. तिथे गडगडाटी ढगांचा एक जोरकस उमाळा, खालच्या पाण्याची ऊब किती खोलवर आहे, वरच्या आणि खालच्या वाऱ्यांत किती तफावत आहे, कोरडी हवा आत शिरते का, असल्या गोष्टींवर सगळे असते. २४ तासांत वेग ५५ किलोमीटरने वाढला तर त्याला झपाट्याने तीव्र होणे म्हणतात, आणि मॉडेल्स इथेच तोंडघशी पडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेक्सिकोच्या अकापुल्को शहरावर ‘ओटिस’ आले. आदल्या दिवशी ते साधे वादळ होते, मॉडेल्सना त्यात विशेष दिसत नव्हते. रात्रीतून ते अमेरिकी मोजपट्टीच्या पाचव्या, सर्वांत वरच्या वर्गात जाऊन आदळले. आपल्याकडे २०१७ मध्ये ‘ओखी’ने हाच धडा दिला. कन्याकुमारीजवळ ते इतक्या लवकर आकाराला आले की ३० नोव्हेंबरला चक्रीवादळ जाहीर झाले तेव्हा होड्या खोल समुद्रात होत्या. केरळ-तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार परतले नाहीत. पुढचा मार्ग, म्हणजे लक्षद्वीपवरून उत्तरेला आणि मग गुजरातकडे वळण, बऱ्यापैकी आधी कळला होता. त्याचा त्या होड्यांना काही उपयोग नव्हता.

आणि कधी कधी मार्ग कळतो, जोर कळतो, इशाराही वेळेत जातो, तरी माणसे मरतात. मे २०२१ च्या ‘तौक्ते’चा इशारा कितीतरी दिवस आधी होता. १७ मेला ते मुंबईसमोरून गेले आणि रात्री दीव-उन्याजवळ जमिनीवर आले. मुंबईचे केंद्रापासूनचे अंतर बरेच होते, तरी सांताक्रूझला २४ तासांत २३० मिलिमीटर पाऊस झाला, मे महिन्यात न ऐकलेला. त्याच दिवशी मुंबईच्या पश्चिमेकडच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा बार्ज नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. नौदलाने बहुतेकांना वाचवले, पण साठाहून अधिक गेली. हवामानाच्या अंदाजाबद्दल तक्रार करण्यासारखे त्यात काही नव्हते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने आता मार्गाच्या बाबतीत नवी उडी घेतली आहे. गुगल डीपमाइंडचे ‘ग्राफकास्ट’, हुआवेचे ‘पांगू’, युरोपीय केंद्राचे स्वतःचे ‘एआयएफएस’, जे फेब्रुवारी २०२५ पासून रोजच्या कामात आहे: ही मॉडेल्स दहा दिवसांचा अंदाज मिनिटांत देतात आणि मार्ग अनेकदा जुन्यांपेक्षा चांगला देतात. जोराबाबत सुरुवातीची मॉडेल्स कच्ची होती, कारण ज्या माहितीवर ती शिकली तिच्यातच वादळाचा गाभा पुसट असतो. नंतरची काही त्यातही सुधारली. आपल्याकडे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्का’ महासंगणक आला आणि मे २०२५ मध्ये सहा किलोमीटर बारकाईचे ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाले. यंत्रे वाढतील तशी हौशींच्या पडद्यावरच्या रेघाही वाढतील. गोंधळ आपोआप कमी होईल, असे मला वाटत नाही.

हौशींचा फायदा नाही का? आहे, आणि तो नोंदवला पाहिजे. मराठीत, तमिळमध्ये, लोकांना समजेल अशा बोलीत वादळ समजावून सांगण्याचे काम त्यांनी केले. खात्याची पत्रके बराच काळ खात्याच्याच भाषेत असत. गल्लीतल्या पर्जन्यमापकाची नोंद, छतावरचा वारामापक, किनाऱ्यावरचा फोटो यांतून खात्याच्या जाळ्यातली भोके बुजतात. वादळाच्या डोळ्यात जाऊन बसणारा अमेरिकी हौशी जॉश मॉर्गरमन स्वतःचा दाबमापक घेऊन जातो आणि त्याच्या नोंदी तिथल्या अधिकृत अहवालात दाखल झाल्या आहेत. निरीक्षण ही हौशीची खरी ताकद आहे. भाकीत ही त्याची हौस आहे.

तोटा कुणाला होतो, तेही बघावे. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की मिरकरवाडा, हर्णै, मालवणच्या होड्या परत फिरतात. गुजरातच्या नौकाही देवगड बंदरात आसरा घेतात. फेरीचे डिझेल, बर्फ, खलाशांची मजुरी अंगावर पडते. खऱ्या इशाऱ्यासाठी हे सोसायला मच्छीमार तयार असतो. पण मेमध्ये नाव लावून उठवलेली खोटी आवई ऑक्टोबरातल्या खऱ्या बावट्याची किंमत कमी करते. चुकलेल्या भाकिताची झळ स्क्रीनसमोर बसलेल्याला लागत नाही.

म्हणून हौशी मंडळींना एकच विनंती. दिल्लीचे चक्रीवादळ केंद्र दरवर्षी अहवाल काढते आणि त्यात प्रत्येक वादळाबाबत आपला अंदाज किती किलोमीटरने आणि किती नॉटने चुकला हे छापते. तुम्हीही छापा. पाच दिवस आधी काय म्हटले होते, दोन दिवस आधी काय, प्रत्यक्षात काय झाले. मार्ग वेगळा, जोर वेगळा. बरोबर आलेले स्क्रीनशॉट तेवढे जपून ठेवण्याची सवय सोडा. आणि वाचकांनी ज्याच्याकडे असा हिशेब नाही त्याचा पाच दिवस पुढचा लाल नकाशा पुढे पाठवू नये. चक्रीवादळ झाल्यावर विभागाचे पत्रक दर तीन तासांनी निघते, ते वाचावे.